दांडा सोडल्यावर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लोणावळ्याचं नाव काढलं की लोकांना चिक्की आठवते, नाहीतर भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची गर्दी. माझा आजचा विषय यांपैकी एकही नाही. तो ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे रेडिओवर बोलणार तुम्ही?" विषय आहे बॅले. तोही दिव्यांच्या झगमगाटात, रंगमंचावर चालणारा नव्हे. नवशिक्या मुलीनं घरच्या फरशीवर, आधाराचा दांडा सोडून करायचा बॅले.

माझी नात नऊ वर्षांची आहे. दर शनिवारी आईबरोबर लोकलनं पुण्याला बॅलेच्या वर्गाला जाते. या वर्गात भिंतीलगत, साधारण कमरेच्या उंचीवर एक आडवा लाकडी दांडा बसवलेला असतो. त्याला बार म्हणतात. वर्गाचा पहिला भाग या दांड्याशी होतो. एक हात दांड्यावर ठेवून गुडघे वाकवायचे, पाऊल पुढे सरकवायचं, टाचा उचलायच्या. अंग तापलं की दांडा सोडून सगळ्यांनी वर्गाच्या मधोमध यायचं आणि तेच सारं आधाराशिवाय करायचं. जगभर बॅलेचा वर्ग याच क्रमानं चालतो, मग तो पॅरिसचा असो की पुण्याचा.

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी मधल्या जागेत टाचा उचलताना आमच्या बाईसाहेबांचा तोल गेला. ती शेजारच्या मुलीवर पडली, ती मुलगी तिसरीवर. कुणाला लागलं नाही, पण सगळ्या हसल्या. घरी आल्यावर तिनं पिशवीतून बूट काढलेच नाहीत. रात्री जेवताना म्हणाली, "आजी, दांड्याजवळ मला सगळं येतं. मधे आलं की काहीच येत नाही. मी आता जाणार नाहीये."

तिला चार शहाणपणाचे शब्द सांगावेत अशी माझी स्थिती नव्हती. त्याच जूनमध्ये मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले होते आणि डावं मनगट मोडून घेतलं होतं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं. पण भिंतीला हात लावल्याशिवाय चालणं मी सोडून दिलं होतं. मोरीत जाताना भिंत, जिन्यात कठडा, अंगणात नातीचा खांदा. मी तिला "अगं, घाबरतेस काय एवढी?" म्हणाले, तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती. हात जेवणाच्या टेबलाची कड धरून होता.

मी शाळकरी वयात चार वर्षं कथक शिकले. पुढे लग्न, नोकरी, संसार यांत ते मागे पडलं. पण तेवढ्या शिदोरीवर एक गोष्ट मला ठाऊक होती. कथकात दांडा नसतो. पहिल्या दिवशीच आम्हाला मोकळ्या जागेत उभं केलं आणि तत्कार सुरू झाला. आम्ही शूर होतो असं नव्हे. कथकात तळवा पूर्ण जमिनीवर, पावलं सरळ, गुडघे सरळ; उभं राहण्याची बैठक भक्कम. बॅलेत मांडीच्या सांध्यापासून पाय बाहेर वळवलेला, टाचेला टाच लागलेली आणि वर टाचा उचलायच्या. मग सगळं अंग पायाच्या पुढच्या एवढ्याशा पट्टीवर येतं. तिथे नवशिक्याला काहीतरी आधार लागणारच.

नात काय चुकतेय हे मला कळेना, म्हणून मी तिच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, दांड्यावर हात ठेवायचा असतो. ती दांडा धरते. तुम्ही घरी बघा, तुमच्या लक्षात येईल."

बघितलं. आमच्या घरी दांडा कुठला? स्वयंपाकघरातला ओटा होता. तिला ओट्याशी उभं केलं आणि तांद्यू करायला सांगितलं. तांद्यू म्हणजे एक पाय जमिनीला घासत पुढे न्यायचा, शेवटी फक्त बोटांचं टोक जमिनीवर राहील इतका ताणायचा आणि परत आणायचा. दिसायला झकास. पण तिचा अंगठा ओट्याच्या कडेखाली गेला होता आणि चार बोटं वर. पकड विळीची मूठ धरावी तशी. सगळं अंग दोन बोटं ओट्याकडे कललेलं. ओटा काढून घेतला असता तर ती त्याच बाजूला कोसळली असती, आणि वर्गात झालं होतं ते नेमकं हेच.

मग मी प्लॅस्टिकची हलकी खुर्ची आणली आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला सांगितलं. पहिल्याच तांद्यूला खुर्ची सरकली, दुसऱ्याला कलंडली. नात खुर्चीवर चिडली. पण ओट्यानं जे निमूटपणे सहन केलं होतं ते खुर्ची उघड करत होती. त्या दिवशी आमचा नियम ठरला. खुर्ची हलता कामा नये.

इथे थोडं शास्त्र सांगते. आपण उभे राहतो तेव्हा स्थिर असतो असं वाटतं, तो भास आहे. शरीर सतत किंचित डोलत असतं आणि सतत सावरत असतं. त्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळते. डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारच्या पिशव्यांकडून, आणि तळपाय, घोटे, सांधे, स्नायू यांच्याकडून. खात्री करायची असेल तर भिंतीजवळ उभं राहून एक पाय उचला आणि डोळे मिटा. तीनपैकी एक बातमी बंद झाली की काय होतं ते लगेच कळेल. (माझ्या वयाच्या मंडळींनी हा प्रयोग एकट्यानं करू नये.)

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत काही प्रयोग झाले. माणसाला अवघड स्थितीत उभं करून एका बोटानं एका पट्टीला नुसता स्पर्श करायला सांगितलं. स्पर्श इतका हलका, की त्यानं अंगाला आधार मिळणं शक्यच नव्हतं. तरीही डोलणं बरंच कमी झालं. म्हणजे बोट आधार देत नव्हतं, ते बातमी देत होतं. अंग कुठे कलतंय हे मेंदूला सांगणारं ते चौथं ठिकाण झालं होतं. बॅलेच्या बाई 'हात ठेवायचा, धरायचा नाही' म्हणतात त्यात हेच आहे. दांड्यावर भार टाकला की पाय ऐकायचे थांबतात. नुसता हात टेकवला की पाय शिकत राहतात, आणि मग हात काढल्यावर फार काही बिघडत नाही.

आम्ही मग बोटं कमी करत गेलो. अंगठा पहिल्याच दिवशी वर आला, चार बोटांच्या शेजारी. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटं. मग एक. मग हात खुर्चीच्या वर वीतभर अधांतरी, खुर्ची तिथेच. खुर्ची पूर्ण काढून टाकायला महिना लागला आणि मला वाटतं ती घाई न केलेलीच बरी.

घरी सराव करणाऱ्या मुलींच्या आयांसाठी फरशीबद्दल सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत भिंतींना ओल येते आणि फरशीला घाम. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून टाचा उचलणं म्हणजे दुसऱ्या मनगटाची तयारी. अनवाणी करावं, नाहीतर बॅलेचे मऊ बूट घालावेत, आणि आधी कोरड्या फडक्यानं फरशी पुसून घ्यावी. उड्या घरी मारूच नयेत. नृत्याच्या वर्गाची चांगली जमीन लाकडी आणि खालून किंचित दबणारी असते. आपल्या फरशीखाली काँक्रीट असतं, ते दबत नाही. उडीचा सगळा धक्का नडगीत जातो. आणि टोकाच्या कडक बुटांवर, चित्रात दाखवतात तसं बोटांच्या शेंड्यावर उभं राहणं हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. त्याला घोट्यात ताकद यावी लागते, काही वर्षांचा पाया लागतो आणि बाईंची परवानगी लागते. नातीनं ते बूट मागितले होते. मिळाले नाहीत.

आता क्रम. सुरुवात प्लिएनं. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं. टाचा जमिनीवरच, पाठ सरळ, गुडघे पावलांच्या दिशेनं बाहेर. पावलं जास्त वळवली आणि गुडघे मात्र आत पडले, तर ते वळण घोट्यातून ओढून आणलेलं असतं आणि गुडघा पुढे त्याची किंमत वसूल करतो. पावलं कमी वळली तरी चालतील, गुडघा त्यांच्याच दिशेनं हवा. मग तांद्यू. इथली मेख अशी, की पाय बाहेर जाण्याच्या आधीच सगळं वजन दुसऱ्या पायावर गेलेलं असावं लागतं. दांड्याशी हे कळत नाही, कारण ते काम हात परस्पर करून टाकतो. मधे आल्यावर पाय उचलायला जावं तर तो उचलतच नाही, किंवा अंग झटक्यानं फेकलं जातं. नातीला मी म्हटलं, "आधी घर बदल, मग दार उघड." तिला ते पटलं. का पटलं ते मला ठाऊक नाही.

सर्वात कठीण ते रलव्हे, म्हणजे टाचा उचलणं. त्यात बहुतेक मुलं वर जाताना छाती मागे टाकतात. वजन करंगळीकडे गेलं की घोटा बाहेर लचकतो. ते अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मुळाशी राहिलं पाहिजे. आणि नजर. पडण्याच्या भीतीनं माणूस जमिनीकडे बघतो. डोकं झुकलं की अंग त्याच्यामागे जातं. आम्ही समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका तारखेवर नजर ठेवायचो. कथकात चक्कर घेताना नजर एका जागी धरून डोकं शेवटी फिरवतात. बॅलेतल्या गिरकीचंही तंत्र तेच. कैवल्यधाम तर आमच्या गावातच आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं. योगात वृक्षासनाला एका पायावर उभं करतात तेव्हाही सांगतात की समोर एका बिंदूकडे बघा.

या खटपटीत एकदा नातीनं विचारलं, "आजी, आपल्या इथे आधी कुणी बॅले केलाय का गं? की मीच पहिली?" ती पहिली नव्हती, तसं म्हटलं तर. पण उत्तर द्यायला मला बरंच मागे जावं लागलं.

१९३८ साली आमच्या शेजारच्या खंडाळ्यात 'नृत्यालयम्' नावाची संस्था सुरू झाली. ती काढली मादाम मेनका यांनी. मेनका हे रंगमंचावरचं नाव. मूळच्या लीला रॉय, जन्म १८९९चा, बंगालमधल्या बारिसालचा. लग्न झालं मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पुढे संचालक झालेल्या डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी. त्या काळी घरंदाज बाईनं नाचणं हे समाजाला मंजूर नव्हतं. मेनकांनी लखनौ घराण्याच्या अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्याकडून कथक घेतलं. त्यांना या वाटेवर उत्तेजन देणाऱ्यांमध्ये रशियन बॅले नर्तिका अॅना पावलोव्हा होती. ही बाई १९२०च्या दशकात दोनदा हिंदुस्थानात येऊन गेली. उदय शंकर यांनी १९२३ साली तिच्यासाठी राधाकृष्णाचं नृत्य बसवलं आणि तिच्याबरोबर ते नाचलेही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिच्याच संचातल्या क्लिओ नॉर्दी यांच्याकडून बॅलेचे धडे घेतले. आपलंच नृत्य शोधा असं सांगणारी ही परदेशी बाई आपल्याकडच्या तिघांच्या आयुष्यात आली हे खरोखर नवल आहे.

मेनकांनी कथकाच्या पायावर समूहानं करायची नृत्यनाट्यं रचली. लोक त्यांना बॅलेच म्हणत. 'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य', 'मालविकाग्निमित्र' ही त्यांपैकी काही. त्यांचा संच १९३६ ते १९३८ युरोपभर फिरला, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी झालेल्या नृत्यस्पर्धेत त्यानं पारितोषिकं मिळवली, आणि परतल्यावर खंडाळ्याच्या डोंगरात त्यांनी शाळा काढली. तिथे कथक, कथकली आणि मणिपुरी शिकवत. मुंबईच्या शिरीन वजिफदार तिथे शिकल्या. आणि त्या युरोपच्या दौऱ्यात मेनकांबरोबर एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. जन्म १९२८चा. म्हणजे दौऱ्यावर निघाली तेव्हा सात-आठ वर्षांची. पुढे त्या कथकच्या मोठ्या नर्तिका झाल्या, १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"आठ वर्षांची?" नात म्हणाली. "आणि स्टेजवर मधे?"

"मधेच. दांडा होता कुठे?"

नृत्यालयम् फार वर्षं टिकलं नाही. मेनका १९४७ साली गेल्या. खंडाळ्याच्या घाटात गाडी थांबवून धबधब्यापुढे फोटो काढणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आमच्या गावात तरी कुठेतरी एखादी पाटी असायला हवी होती असं मला वाटतं.

मुंबईत मात्र अस्सल युरोपीय बॅलेही रुजला. तुषना दल्लास यांनी १९६६ साली शाळा काढली. अलीकडचं म्हणाल तर वेल्डिंगचं काम करणाऱ्याचा मुलगा अमीरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. तो आणि मनीष चौहान यांच्यावरून सुनी तारापोरवाला यांनी २०२० साली 'ये बॅले' हा सिनेमा काढला. नातीनं तो तीनदा पाहिला आहे.

पण तोल शिकवणारे तिला आणखी जवळ भेटले. लोकलमध्ये पाहा. रोज पुण्याला जाणाऱ्या बायका कामशेतच्या वळणावर दांडा न धरता उभ्या असतात, हातात मोबाइल, खांद्यावर पर्स. गुडघे किंचित सैल, पावलांत अंतर, गाडी हलते तशा त्या हलतात. ताठ उभी राहते ती नवखी, आणि पडते तीच. श्रावणात भातखाचरांच्या ओल्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन जाणारी मावळातली बाई बघा. वीतभर रुंदीचा बांध, दोन्ही बाजूंना चिखल. मान लांब, नजर पुढे दहा पावलांवर, खांदे खाली. बॅलेच्या बाई जे तासभर सांगत असतात ते सारं त्या चालण्यात असतं. एकदा वर्गाला जाताना गाडी मळवलीजवळ थांबली होती तेव्हा नातीनं खिडकीतून अशा बाईकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ती मधे आहे." मळवलीच्याच भाजे लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शिल्प आहे; त्यात एक स्त्री वाद्यं वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तेही एकदा तिला दाखवायचं आहे.

दिवाळीच्या सुमाराला बालांसे आलं. ही तीन मात्रांची पायरी आहे. उजवीकडे एक लांब पाऊल, मागे दुसऱ्या पायाच्या चवड्यावर किंचित वर, पुन्हा जागेवर खाली. मग तेच डावीकडे. झोक्यासारखं. दांड्याशी ते नीट होऊच शकत नाही, कारण त्यात जागा सोडायची असते. नात मोजायची, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि प्रत्येक तीनला अडखळायची. आकडे सगळे सारखेच वजनाचे, त्यांत चढउतार नाही. मी ओट्याशी भाजी चिरत होते. सहज तोंडातून दादरा निघाला, धा धिं ना, धा तिं ना. सहा मात्रा. उजवीकडे धा धिं ना, डावीकडे धा तिं ना. ती थबकली, मग म्हणाली, "परत म्हण." मी विळी बाजूला ठेवली आणि हातावर ताल देत म्हणत राहिले. 'धिं'ला ती वर जायची आणि 'ना'ला खाली यायची. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या खोलीपर्यंत ती तशी झुलत गेली आणि परत आली. मधे एकदा टेबलाशी आली, हात पुढे गेला, पण टेबलाला लावला नाही.

मग म्हणाली, "आजी, तू ये ना."

मी म्हटलं, माझं वय काय, हाड कालपरवा जुळलंय. ती म्हणाली, "खुर्ची आणते." तिनं तीच प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्या बाजूला ठेवली आणि बजावलं, "हलली नाही पाहिजे हं."

मी बालांसे करत नाही, ते खरंच माझं वय नव्हे. माझ्या डॉक्टरांना विचारून मी एका पायावर उभं राहायला सुरुवात केली आहे, दात घासताना, बेसिनशी, एक बोट कडेवर ठेवून. पहिल्या दिवशी उजव्या पायावर चार आकडे झाले, डाव्यावर दोन. आता दोन्हींवर दहा होतात, कधी डावा पाय आठलाच खाली येतो. मोरीत जाताना भिंतीला हात लावते अजून, पण बोटांनी. अंगणात नातीचा खांदा लागत नाही. शेवाळ मात्र ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतलं आहे.

नात वर्गाला जाते. मधल्या जागेत ती अजूनही डगमगते आणि गेल्या महिन्यात पुन्हा एकदा पडली. या खेपेला तिचा पासे चालू होता, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्याची बोटं गुडघ्याशी आणायची. मी विचारलं, "हसल्या का गं?" म्हणाली, "हो. मी पण."

या शनिवारी बाईंना आठ आकडे धरून दाखवायचे आहेत. काल संध्याकाळी घरी सहावर पाय खाली आला. खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता.